क्रँक बदलण्याआधी: नव्या सायकलस्वारांसाठी

रोड बाइक घेऊन वर्ष झालं, शंभर किलोमीटरची राइड अंगवळणी पडली, की 'आता सायकलवर काय बदलू?' हा प्रश्न डोकं वर काढतो. टायर झाले, सीट झाली, मग नजर जाते ती क्रँकसेटवर, म्हणजे पेडल लावलेल्या दोन दांड्या (क्रँक) आणि चेन ओढणारी पुढची दातेचाकं (रिंग) यांच्या संचावर. बाजारात अंडाकृती रिंग आहेत, वाकड्या क्रँक आहेत, दोन्ही पाय स्वतंत्र फिरवायला लावणाऱ्या क्रँक आहेत. जाहिरातीतलं आश्वासन सगळ्यांचं एकच: तेवढ्याच मेहनतीत जास्त वेग. यातलं काय खरं, काय करून बघण्यासारखं आणि कशाच्या वाटेला जाऊ नये, ते इथे क्रमाने सांगतो. क्रम मुद्दाम असा ठेवला आहे. नव्या सायकलस्वाराला क्रँकमधून जो काही फायदा मिळतो, तो जवळजवळ सगळा योग्य दाते, योग्य लांबी आणि नीट केलेली बसवणी यांतून मिळतो, असं माझं ठाम मत आहे. रिंगचा आकार त्याच्या पुष्कळ नंतर येतो.

पायरी १: ताकद जाते कुठे, ते आधी बघा

सायकल चालवताना शरीर जेवढी ऊर्जा खर्च करतं, त्यातली साधारण २० ते २५ टक्केच काम बनून पेडलपर्यंत पोहोचते. बाकीची उष्णता होऊन जाते. घाटात घामाच्या धारा लागतात त्या यामुळेच. पेडलपासून मागच्या चाकापर्यंत मात्र फारसं काही वाया जात नाही. अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात जेम्स स्पायसर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९९ च्या सुमारास चेनची कार्यक्षमता मोजली. सगळ्यात चांगल्या स्थितीत ती ९८.६ टक्के भरली. मागचं दातेचाक लहान असलं किंवा चेनवरचा ताण कमी असला, की हा आकडा खाली येत होता.

म्हणजे क्रँक स्वतः ताकद खात नाही आणि तयारही करत नाही. ती एक कडक दांडी आहे. पाय कोणत्या कोनात वाकतील, किती वेगाने फिरतील आणि प्रत्येक फेऱ्याला किती जोर लावतील, एवढंच ती ठरवते. त्यामुळे 'या क्रँकने २० टक्के ताकद वाढते' असं कुणी म्हणालं, तर ही वाढीव ताकद येणार कुठून, हे त्याला विचारा. चेनमध्ये वाचवण्यासारखे जेमतेम दोन-तीन टक्के उरतात, आणि ते चेन धुऊन तेल घातल्यानेही मिळतात.

आता 'डेड स्पॉट' हा शब्द तुमच्या कानावर पडेलच, तर त्याचा अनुभव स्वतः घ्या. सायकल भिंतीला टेकवा, सीटवर बसा, दोन्ही ब्रेक घट्ट दाबा. उजवं पेडल घड्याळातल्या बाराच्या जागी आणा आणि पायाने सरळ खाली दाबा. कितीही जोर लावा, चेन ढिलीच राहते. सगळा दाब क्रँकच्या लांबीतून सरळ एक्सलवर, म्हणजे क्रँक ज्यावर फिरते त्या आसावर उतरतो. आता तेच पेडल पुढे, तीनच्या जागी आणून अगदी हलकं दाबा. चेनचा वरचा भाग तारेसारखा ताणतो आणि मागचं चाक ब्रेकच्या पकडीत कुरकुरतं. पाय तोच, पण इथे फिरवणारा जोर पूर्ण आहे आणि बाराच्या व सहाच्या जागी जवळजवळ शून्य. हेच दोन डेड स्पॉट. पेडलिंग सुधारण्याचा दावा करणारी झाडून सगळी उपकरणं या दोन जागांवर काहीतरी करू बघतात.

इथे एक गैरसमज लगेच दूर करतो, कारण क्लिपलेस पेडल (ज्यात बूट अडकतो ते) घेतलेला प्रत्येक जण त्यात अडकतो. 'पाय वर येताना पेडल ओढा, म्हणजे फेरा पूर्ण गोल होईल' असं सर्रास सांगितलं जातं. २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात सराव असलेल्या सायकलस्वारांना चार तऱ्हांनी पेडल मारायला लावलं होतं: नेहमीसारखं, गोल फिरवल्यासारखं, मुद्दाम वर ओढत आणि मुद्दाम खाली दाबत. वर ओढताना पेडलवरचा जोर कागदावर अधिक चांगल्या दिशेने लागत होता, पण तेवढ्याच कामासाठी शरीराची ऊर्जा जास्त खर्च होत होती. मांडी वर उचलणारे स्नायू दाबणाऱ्या स्नायूंइतके दमदार नसतात. तेव्हा ओढायच्या भानगडीत पडू नका. वर येणारा पाय खाली जाणाऱ्या पायावर ओझं होऊन बसू नये, एवढं जमलं तरी पुरे.

पायरी २: आत्ता काय बसवलेलं आहे, ते मोजा

क्रँकच्या आतल्या बाजूला, पेडलच्या भोकाजवळ, १६५, १७०, १७२.५ किंवा १७५ असा आकडा कोरलेला असतो. ही लांबी मिलिमीटरमध्ये, बॉटम ब्रॅकेटच्या, म्हणजे फ्रेमच्या तळाशी क्रँकचा एक्सल धरणाऱ्या बेअरिंगच्या भागाच्या, मध्यापासून पेडलच्या एक्सलच्या मध्यापर्यंतची. दात्यांचा आकडा रिंगवर छापलेला असतो. पुसला गेला असेल तर एका दाताला खडूची खूण करून मोजा. मागच्या कॅसेटवर (मागच्या चाकाच्या दातेचाकांच्या संचावर) सगळ्यात मोठ्या चाकाचे दाते किती, तेही वहीत लिहून ठेवा.

मग चेन मोजा. स्टीलची पट्टी घ्या, शून्याची रेघ एका पिनच्या मध्यावर धरा, चेन किंचित ताणा आणि पुढची २४ अंतरं मोजा. नव्या चेनची ती लांबी १२ इंच, म्हणजे ३०४.८ मिमी असते. पट्टी ३०६.४ दाखवू लागली, की चेन बदलायची वेळ झाली. ३०८ च्या आसपास गेली असेल, तर तिने कॅसेटचे दातेही घासून टाकलेले असणार, आणि नवी चेन त्या दात्यांवर उड्या मारेल. पुढच्या रिंगचे दाते शार्कच्या पाठीवरच्या परासारखे एका बाजूला झुकलेत का, तेही याच वेळी बघा. झिजलेल्या चेनवर नवी महागडी रिंग चढवणं म्हणजे त्या रिंगचं आयुष्य पहिल्याच महिन्यात कमी करणं.

शेवटी खुळखुळ तपासा. दोन्ही क्रँकची टोकं धरून फ्रेमच्या दिशेने आत-बाहेर हलवा. दोन्ही एकत्र हलल्या तर खेळ बॉटम ब्रॅकेटच्या बेअरिंगमध्ये आहे. एकच हलली तर तो आर्म (ती दांडी) सैल आहे, आणि अशी सायकल तशीच चालवू नये. सैल आर्म आतली खाच खाऊन टाकतो आणि मग कितीही आवळला तरी बसत नाही. आपल्याकडच्या काळ्या उभ्या सायकलींत याच जागी कॉटर पिन, म्हणजे आर्म एक्सलवर पक्का धरणारी पाचरीसारखी पिन असते. दर फेऱ्याला पायाखाली 'कट्' असा झटका जाणवला, की पिन घासली आहे. ती ठोकून बसवत राहण्यापेक्षा नवी टाका. दोन्ही बाजूंच्या पिना एकमेकींच्या उलट दिशेने जाव्या लागतात; एक जरी चुकीच्या बाजूने घातली तर दोन्ही क्रँक एका सरळ रेषेत येत नाहीत.

पायरी ३: दाते

ज्याला पुढची एकही पायरी वाचायची नाही, त्याने ही तरी वाचावी. घाटात गुडघे दुखतात, मांड्या भरून येतात, पाय 'अडकल्यासारखे' वाटतात, याचं कारण दहांतल्या नऊ वेळा क्रँकच्या रचनेत नसतं, गिअर जड असण्यात असतं.

हिशोब सोपा आहे. पुढचे दाते भागिले मागचे दाते, गुणिले चाकाचा परीघ. ७०० बाय २५ टायरचा परीघ साधारण २.१ मीटर धरा. पुढे ३४ आणि मागे २८ असेल तर पेडलच्या एका फेऱ्यात सायकल २.५५ मीटर पुढे जाते. आता समजा, सिंहगडासारख्या चढावर तुमचा वेग ताशी ७ किमीवर आला. मिनिटाला ११७ मीटर. २.५५ ने भागलं तर पेडलचे फेरे आले मिनिटाला ४६. हा आकडा फार कमी आहे. एवढ्या संथ फेऱ्यांत प्रत्येक दाबाला गुडघ्यावर मोठा जोर येतो आणि डेड स्पॉटमधून बाहेर पडायला सायकलचा वेगही मदतीला नसतो. मागे ३४ ची कॅसेट लावा: तोच वेग, तोच चढ, फेरे ५६. पुढे ३० ची लहान रिंग आणि मागे ३४ असेल तर ६३. पायांत काहीही बदल झाला नाही, तरी दर फेऱ्याचा जोर जवळजवळ सव्वाचार आण्यांनी, म्हणजे २७ टक्क्यांनी उतरला. कुठल्याही अंडाकृती रिंगने एवढा फरक पडत नाही.

सपाटीवर मिनिटाला ८० ते ९० आणि घाटात निदान ६० फेरे, एवढं लक्ष्य ठेवा. मोजायला मीटर लागत नाही: उजवा गुडघा १५ सेकंदांत किती वेळा वर आला ते मोजा आणि चारने गुणा.

पुढच्या रिंगच्या प्रचलित जोड्या अशा. ५३/३९ ही शर्यतीची जुनी जोडी. सह्याद्रीत हौसेने फिरणाऱ्याच्या सायकलवर ती मला दिसली, तर मी बदलायलाच सांगेन. ५२/३६ मधली. ५०/३४ ला कॉम्पॅक्ट म्हणतात आणि बहुतेक नव्या रोड बाइकवर हीच येते. ४६/३० ग्रॅव्हल, म्हणजे कच्च्या रस्त्यांच्या सायकलींसाठी निघाली. सायकलचे भाग बनवणाऱ्या शिमानोच्या जीआरएक्स मालिकेत ती मिळते. सामान लादून लांब फिरणाऱ्याला किंवा ब्रेव्हे (ठरावीक मुदतीत पुरी करायची लांब पल्ल्याची राइड) करणाऱ्याला ४६/३० किती सोयीची आहे, हे चारशे किमीच्या राइडमध्ये रात्री तीन वाजता समोर घाट उभा राहिला की कळतं. सत्तावीस तासांची मुदत असते, आणि त्या वेळी पाय ताजे नसतात. मात्र जीआरएक्सची चेन-रेषा (फ्रेमच्या मध्यापासून रिंगचं अंतर) रोडच्या क्रँकपेक्षा अडीच मिमी बाहेर असते, त्यामुळे पुढचा डिरेलरही (चेन एका दातेचाकावरून दुसऱ्यावर सरकवणारा भाग) त्याच मालिकेतला लागतो. हा खर्च आधीच धरा.

आणि क्रँकसेटच्या आधी कॅसेटचा विचार करा. २८ ची काढून ३२ किंवा ३४ ची लावणं क्रँकसेटपेक्षा पुष्कळ स्वस्त पडतं. मागचा डिरेलर एवढं मोठं चाक पेलतो का, ते त्याच्या मॉडेल नंबरवरून तपासून घ्या, आणि चेन बहुधा एक-दोन कड्यांनी लांब लागेल.

पायरी ४: क्रँकची लांबी

लांब क्रँक म्हणजे जास्त तरफ, म्हणून जास्त ताकद, हे ऐकायला पटतं. पण लांब क्रँकने पायाला वर्तुळही मोठं फिरावं लागतं. १७० मिमीच्या क्रँकवर पाय एका फेऱ्यात १०६.८ सेंमी चालतो, १६५ वर १०३.७. जोर कमी लागला तर अंतर वाढलं. हिशोब बरोबरीत सुटला.

अमेरिकेतल्या जिम मार्टिन यांनी २००१ मध्ये हे मोजून दाखवलं. त्यांनी १२०, १४५, १७०, १९५ आणि २२० मिमी अशा पाच लांब्यांवर सायकलस्वारांची थोड्या सेकंदांची कमाल ताकद तपासली. १२० आणि २२० या दोन टोकांना ती सर्वोत्तम लांबीपेक्षा फक्त चार टक्क्यांच्या आसपास कमी भरली. दुकानात मिळणाऱ्या १६५ ते १७५ च्या पट्ट्यात ताकदीचा फरक शोधणं म्हणूनच निरर्थक आहे. लांबी निवडायची ती सांध्यांसाठी.

पेडल वर बाराच्या जागी येतं तेव्हा गुडघा आणि कंबरेचा सांधा सगळ्यात जास्त दुमडतो. उंची कमी असेल, पोट थोडं असेल, हँडल खाली धरून चालवायची सवय असेल किंवा गुडघ्याच्या पुढच्या भागात दुखत असेल, तर आखूड क्रँकचा फायदा चटकन जाणवतो. आपल्याकडे सव्वापाच फुटांच्या माणसालाही दुकानातून १७० किंवा १७२.५ च क्रँक लागलेली सायकल मिळते, कारण फ्रेमच्या मापाबरोबर तीच येते. अशांनी १६५ चा विचार जरूर करावा. व्यावसायिक सायकलपटू ताडेय पोगाचार २०२४ मध्ये आधीपेक्षा आखूड, १६५ मिमीची क्रँक वापरत होता आणि त्या वर्षी तो जिरो द'इटालिया आणि टूर द फ्रान्स या दोन्ही मोठ्या शर्यती जिंकला. त्याच्या यशाचं श्रेय क्रँकला देण्याचं कारण नाही. आखूड क्रँकने ताकद जाते ही भीती तरी सोडायला हरकत नाही.

लांबी बदलली की दोन गोष्टी लगेच करायच्या. एक, सीट. क्रँक ५ मिमी आखूड झाली तर सीट ५ मिमी वर घ्या, म्हणजे खालच्या टोकाला पाय पूर्वीइतकाच सरळ होईल. वरच्या टोकाला मग सीट आणि पेडल यांच्यात १० मिमी जास्त जागा मिळते, आणि सांध्यांना आराम पडतो तो या दहा मिमींचा. दोन, गिअर. १७० वरून १६५ वर आलात तर तरफ तीन टक्क्यांनी घटते, पेडल किंचित जड लागतं. मागचा एक दाता त्याची भरपाई करतो: २८ वरून २९ म्हणजे साडेतीन टक्के. म्हणजे कॅसेट थोडी मोठी असली की प्रश्न मिटला.

नवी लांबी अंगात मुरायला दोन-तीन आठवडे द्या. पहिल्या दोन राइडवरून मत बनवू नका.

पायरी ५: अंडाकृती रिंग

इथपर्यंतचं सगळं जागेवर असेल, तरच हा विषय काढा.

कल्पना जुनी आणि बुद्धीची आहे. पाय तीनच्या जागी जोरात असतो, तेव्हा त्याला मोठी रिंग द्यायची. बाराच्या आणि सहाच्या जागी तो हतबल असतो, तेव्हा लहान रिंग देऊन तिथून पटकन सोडवायचं. शिमानोने १९८३ मध्ये बायोपेस नावाची रिंग आणली, पण तिची मांडणी बरोबर उलटी होती. क्रँक आडवी असताना गिअर हलका आणि उभी असताना जड. डेड स्पॉटमध्ये पाय सावकाश नेऊन त्याचा संवेग वापरायचा, असा त्यामागचा तर्क होता. गुडघेदुखीच्या तक्रारींनी बायोपेस बदनाम झाली आणि दहाएक वर्षांत बाजारातून गेली. त्या बदनामीमुळे अंडाकृती रिंगचं नाव काढलं की जुने मेकॅनिक आजही मान हलवतात. पण आजच्या रिंग तशा नाहीत.

स्पेनच्या रोटर कंपनीची क्यू-रिंग, ॲब्सोल्यूटब्लॅकची ओव्हल आणि फ्रान्सच्या जाँ-लुई तालो यांची ओसिमेट्रिक ही ठळक नावं. पहिल्या दोन सौम्य आहेत, साधारण १० ते १२ टक्के लंबगोल. ओसिमेट्रिक बरीच टोकाची आणि तिचा आकार शुद्ध अंड्यासारखाही नाही. ब्रॅडली विगिन्सने २०१२ ची टूर द फ्रान्स ओसिमेट्रिकवर जिंकली, पुढच्या वर्षी ख्रिस फ्रूमनेही तीच वापरली, आणि एकाएकी मागणी वाढली. पुढे विगिन्स गोल रिंगकडे परतला. बाकीचे बहुतेक अव्वल खेळाडू गोल रिंगवरच राहिले आहेत. प्रयोगशाळेतल्या तपासण्यांचे निष्कर्षही एकमेकांशी जुळत नाहीत: कुठे थोडा फायदा, पुष्कळ ठिकाणी काहीच नाही.

मग घ्यायची कुणी? माझ्या मते, पुढे एकच रिंग असलेल्या माउंटन बाइकवाल्याने. मातीच्या, सुट्या दगडांच्या चढावर गोल रिंगने ताकद हिसक्या-हिसक्याने चाकाकडे जाते आणि डेड स्पॉटनंतरच्या झटक्याला मागचं चाक घसरतं. ओव्हल रिंगवर हा हिसका मवाळ होतो आणि चाकाची पकड टिकते. शिवाय पुढचा डिरेलर नसल्याने बसवायला कसलाच त्रास नाही. रोड बाइकवर दोन ओव्हल रिंग लावल्या की डिरेलरचा पिंजरा रिंगच्या सगळ्यात उंच भागापासून एक ते तीन मिमी वर ठेवावा लागतो. मग बसक्या भागावर तो बराच वर राहतो आणि गिअर टाकणं थोडं ढिसाळ होतं. डिरेलर फ्रेमला रिव्हेट केलेल्या पट्टीवर असेल तर तो पुरेसा वर जातो की नाही, हे रिंग विकत घेण्यापूर्वी बघा.

बसवताना दिशा चुकवू नका. रिंगवर एक खूण असते, बहुधा छोटी पिन किंवा बाण, आणि ती क्रँकच्या आर्मशी कशी जुळवायची हे कंपनी सांगते. रोटरच्या रिंगला भोकांचे अनेक पर्याय असतात. मधल्यापासून सुरुवात करा. गुडघा फेऱ्याच्या वरच्या भागात अडखळतोय किंवा खालच्या भागात निसटतोय असं वाटलं, तर एक भोक पुढे-मागे करा आणि त्यावर आठवडा काढा.

क्रँकमधला पॉवर मीटर (पायाची ताकद वॅटमध्ये मोजणारं उपकरण) वापरत असाल तर सावध राहा. बरेच मीटर पूर्ण फेऱ्यात पाय एकाच वेगाने फिरतो असं धरून हिशोब करतात. ओव्हल रिंगवर तसं होत नाही, त्यामुळे पडद्यावरचे वॅट खऱ्यापेक्षा थोडे फुगलेले दिसू शकतात. 'रिंग लावली आणि दहा वॅट वाढले' या आनंदामागे पुष्कळदा एवढंच असतं.

पायरी ६: वाकड्या आणि सुट्या क्रँक

एल किंवा झेड आकाराच्या वाकड्या क्रँक दर काही वर्षांनी नव्याने येतात. १९८० च्या दशकात इटलीच्या पीएमपी कंपनीने काटकोनात वळलेली क्रँक विकली होती. दांडीचा आकार कसाही असो, तरफ ठरते ती एक्सलचा मध्य आणि पेडलचा मध्य यांच्यातल्या सरळ अंतरावर. त्यामुळे या वळणाने वजन वाढतं, दुसरं काही नाही. पैसे घालवू नका.

पॉवरक्रँक्ससारख्या सुट्या क्रँकचं तसं नाही. त्यात प्रत्येक आर्मला एकेरी (एकाच दिशेने जोर पोहोचवणारा) क्लच असतो, म्हणून एका पायाच्या जोरावर दुसरा वर येत नाही. तो स्वतःच उचलावा लागतो. हे सरावाचं साधन आहे. २००३ मध्ये सहा आठवड्यांच्या एका छोट्या प्रयोगात त्याने कार्यक्षमता सुधारल्याचं दिसलं, नंतरच्या प्रयोगांत तसा फायदा ठामपणे दिसला नाही. नवख्याने रहदारीत अशी क्रँक चालवू नये, एवढं मात्र मी आग्रहाने सांगेन.

पायरी ७: बसवणं

आधी जुळणी. फ्रेमच्या बॉटम ब्रॅकेटचा प्रकार पाहा: आट्यांचा बीएसए आहे की दाबून बसवायचा. मग क्रँकचा एक्सल. शिमानोच्या हॉलोटेक २ प्रकाराचा व्यास २४ मिमी, स्रॅम कंपनीच्या डब प्रकाराचा २८.९९ मिमी, आणि स्वस्त सायकलींवर चौकोनी निमुळता एक्सल. तिन्हींना वेगवेगळी ब्रॅकेट लागतात. रिंगच्या बोल्टच्या वर्तुळाचा व्यासही जुळला पाहिजे: जुन्या शर्यतीच्या क्रँकवर १३०, कॉम्पॅक्टवर ११० मिमी. ११० मध्येही चार बोल्ट आणि पाच बोल्ट असे प्रकार आहेत. आणि रिंग तुमच्या चेनच्या स्पीडचीच (मागे दातेचाकं किती आहेत त्याप्रमाणे) घ्या.

पेडल काढताना डावं पेडल उलट्या आट्यांचं असतं हे ध्यानात ठेवा. सोपी युक्ती: पाना पेडलवर उभा, वरच्या दिशेला तोंड करून लावा आणि मागच्या चाकाकडे ढकला. दोन्ही बाजूंना पेडल सैलच होतं. बीएसए ब्रॅकेटचा उजवा कपही उलट्या आट्यांचा. तो घड्याळाच्या दिशेने फिरवला की सुटतो. न सुटणाऱ्या कपशी झटापट करण्याआधी एवढं एकदा आठवा.

हॉलोटेक २ काढायला डाव्या आर्मवरचे दोन बोल्ट ५ मिमीच्या ॲलन कीने सैल करा, मधली छोटी प्लॅस्टिकची पट्टी वर उचला, प्लॅस्टिकची टोपी तिच्या खास चावीने काढा. आर्म हाताने निघतो. चेन रिंगवरून उतरवून आत लटकवा आणि एक्सल डावीकडून रबरी हातोडीने हलकेच ठोका. नवी क्रँक घालण्याआधी ब्रॅकेटमधून काळा चिखल पुसून काढा आणि एक्सलला पातळ ग्रीस लावा.

डावा आर्म उलटा बसतच नाही, कारण त्याच्या दोन खाचा बाकीच्यांपेक्षा रुंद असतात. तो पूर्ण आत ढकला आणि मग टोपी आवळा. या टोपीवर बहुतेक जण जास्त जोर लावतात. तिचं काम फक्त आडवा खेळ काढणं, ०.७ ते १.५ न्यूटन-मीटर म्हणजे बोटांच्या जोराएवढंच. जास्त आवळली तर बेअरिंग दाबून बसतात आणि क्रँक जड फिरते. चांगलं पेडलिंग मिळावं म्हणून घेतलेली क्रँकच अडवत राहते. टोपीनंतर प्लॅस्टिकची पट्टी खाली दाबा. तिची बारीक पिन एक्सलमधल्या भोकात 'टक्' करून बसली पाहिजे. बसली नाही तर आर्म पूर्ण आत गेलेला नाही. पुन्हा सुरुवात करा. मग दोन्ही बोल्ट आळीपाळीने, थोडे थोडे करत, १२ ते १४ न्यूटन-मीटरपर्यंत. इथे टॉर्क रेंच (किती जोराने आवळलं ते दाखवणारा पाना) हवाच. नसेल तर दुकानात जाऊन दोन मिनिटांचं काम करून घ्या.

चौकोनी एक्सलची क्रँक काढायला क्रँक पुलर (ती ओढून काढायचं अवजार) लागतो. बोल्टबरोबर त्याखालचा वॉशर निघाला का, ते बोट घालून बघा, आणि पुलर हाताने पूर्ण आट्यांत बसवल्यावरच पाना लावा. अर्धवट बसलेला पुलर ओढला की ॲल्युमिनियमचे आटे क्षणात निघून येतात आणि क्रँक निकामी होते. परत बसवताना ३५ ते ४० न्यूटन-मीटर.

पावसाळ्याबद्दल एक सूचना. कोकणातून किंवा घाटमाथ्यावरून भिजून आलात, की सीटपोस्ट काढून सायकल उलटी करा. फ्रेमच्या नळीतून आलेलं पाणी ब्रॅकेटच्या खोबणीत साठतं आणि बेअरिंगला गंज लावतं. आणि गाड्या धुण्याचा जोराचा फवारा ब्रॅकेटवर मारू देऊ नका. तो आतलं ग्रीस बाहेर काढतो.

पायरी ८: फरक पडला का, ते कसं ठरवायचं

नवी वस्तू लावल्यावर पाय दोन दिवस उत्साहाने चालतात, म्हणून पहिल्या राइडचा विक्रम धरू नका. बदल करण्याआधीच एक चढ निवडा, दहा ते वीस मिनिटांचा, जिथे सिग्नल आणि रहदारी नाही. तो पहाटे, वारा पडलेला असताना, एकाच नाडीच्या ठोक्यांवर दोन-तीन वेळा चढा आणि वेळ लिहून ठेवा. टायरची हवा दर वेळी सारखी. क्रँक बदलल्यावर तीन आठवडे सवय होऊ द्या आणि मग तसंच पुन्हा करा. वेळेत फरक नसेल पण गुडघा दुखायचा थांबला असेल, तर बदल यशस्वी समजा. वेळ थोडा सुधारला आणि गुडघा नव्याने बोलू लागला, तर सीटची उंची पुन्हा मोजा. तरीही दुखत राहिलं तर जुनी लांबी परत लावा.

बसवल्यानंतरच्या पहिल्या शंभर किमीनंतर पेडल, रिंगचे बोल्ट आणि डाव्या आर्मचे दोन्ही बोल्ट पुन्हा एकदा रेंचने तपासा. यात सैल होतो तो बहुतेक वेळा डावा आर्म, आणि रस्त्यात सुटला तर घरी चालत यावं लागतं. म्हणून ५ मिमीची ॲलन की सीटखालच्या पिशवीत कायम असू द्या.